गाभण कुत्री व मांजर : त्यांचा आणि त्यांच्या पिलांचा आहार

गाय गाभण राहिली की तिच्या खुराकाची चर्चा घरात सुरू होते. म्हैस केव्हा आटवावी, पेंड किती घालावी, चीक कोणाकोणास वाटावा याविषयी पनवेल तालुक्यातील अगदी लहान शेतकरीही आपले मत ठामपणे सांगू शकतो. परंतु त्याच घराच्या ओटीखाली कुत्री गाभण असते, कणगीमागे मांजर व्यालेली असते, आणि त्यांच्या पोटात दिवसाकाठी काय जाते याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. शिळेपाके उरले तर मिळते, न उरले तर त्यांनी आपले बाहेर बघावे, अशी एकंदर रीत असते. पिले झाली म्हणजे मात्र घरातील मुलांना दया येते. बशीत दूध ओतून पिलांची तोंडे त्यांत बुडविली जातात, आणि पुढील पंधरवड्यात एकामागून एक पिले दगावतात. ‘मुळात जीवच अशक्त होता’ असे म्हणून विषय संपविला जातो.

वास्तविक दोष पिलांच्या जिवात नसतो. नवजात पिलू पहिल्या दोन आठवड्यांत जे मरते ते बहुतेक वेळा दोन उणिवांमुळे मरते : आईला पुरेसे व योग्य अन्न मिळालेले नसते, आणि पिलाला ऊब मिळालेली नसते. म्हणून पिले जगवावयाची असतील तर पिलांपुढे बशी ठेवण्याऐवजी आईपुढे थाळी ठेवावी, आणि आई नसेल तर दुधाच्या आधी उबेची सोय करावी. हे दोन नियम समजले म्हणजे पुढील सर्व तपशील सोपा होतो.

पशुधनाच्या हिशेबात कुत्री-मांजरांचा विचार कशासाठी, असे कोणी विचारील. पनवेलच्या खाडीकाठच्या गव्हाण, न्हावे यांसारख्या गावांना याचे उत्तर सांगावे लागत नाही. खारजमिनीच्या बांधाला उंदरांनी बिळे पाडली की भरतीचे पाणी त्यांतून वाट काढते आणि उभ्या भातात खारे पाणी शिरते. येथील खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत. परंतु कोणतीही जात उंदराला दाद देत नाही. घरात आलेल्या धान्याची नासाडी निराळीच, आणि पावसाळ्यात उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा ताप कोकणाला चांगलाच परिचयाचा आहे. मांजर घरच्या उंदरावर व पिटुकल्यांवर नजर ठेवते. घुशीच्या वाटेला मात्र ती सहसा जात नाही, ते काम कुत्र्याचे. मांजर एकटी उंदरांचा नायनाट करील असे मानणे भाबडेपणाचे होईल. तथापि कणगीजवळ तिचा वावर असणे उपयोगाचे आहे यात शंका नाही. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाड्यांतून तर रात्रीची राखण कुत्र्यावाचून होत नाही.

यास कायद्याचीही एक बाजू आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार, आपल्या मालकीच्या जनावराला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे आणि सबळ कारणावाचून त्याला सोडून देणे हे दोन्ही गुन्हे आहेत. पोत्यात घालून पिले बाजाराच्या वाटेवर सोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत

गावठी कुत्र्यांचा माजाचा मोठा हंगाम भाद्रपदात येतो, हे आपल्या लोकांना पूर्वापार माहीत आहे. कुत्री सरासरी ६३ दिवसांनी विते. दोन-चार दिवस मागेपुढे होतात. याचा अर्थ असा की बहुसंख्य कुत्र्या दिवाळीच्या सुमारास ते मार्गशीर्षात वितात. या दिवसांत भाताची कापणी व झोडणी चालू असते, घरातील सर्व माणसे खळ्यावर असतात आणि रात्रीचा गारवा वाढू लागलेला असतो. म्हणजे जेव्हा तिला सर्वाधिक अन्नाची आणि पिलांना सर्वाधिक उबेची गरज असते, नेमके तेव्हाच घरात तिच्याकडे पाहावयास कोणी नसते. खळ्याच्या कडेला पडलेल्या पेंढ्यात कुत्री पिले घालते ती काही हौसेने नव्हे. तेवढीच ऊब तिला तेथे सापडते.

मांजरीचा गर्भकाळ ६३ ते ६७ दिवसांचा असतो. तिचा हंगाम कुत्रीइतका ठरीव नसतो. आपल्या उष्ण प्रदेशात ती वर्षातून दोनदा, कधी तीनदाही विते.

गाभण कुत्रीचा आहार

पहिले पाच आठवडे कुत्रीला नेहमीपेक्षा जास्त अन्न देण्याची गरज नसते. गर्भ या काळात फार लहान असतात, आणि अधिक खाऊ घातले तर ते तिच्या अंगावर चरबीच्या रूपाने चढते व विताना त्रास होतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काही कुत्र्या दोन-तीन दिवस अन्नावरून तोंड फिरवितात. हा गर्भधारणेचाच परिणाम असतो. त्यासाठी औषध देण्याचे कारण नाही. औषधाविषयी सांगावयाचे तर, या काळात जंताचे किंवा तापाचे कोणतेही औषध पशुवैद्यकास विचारल्याशिवाय देऊच नये.

गर्भाची खरी वाढ सहाव्या आठवड्यापासून होते. तेव्हापासून दर आठवड्यास अन्न थोडे थोडे वाढवीत न्यावे, ते विण्याच्या वेळेपर्यंत नेहमीच्या सव्वापट ते दीडपट व्हावे. ‘जास्त खाऊ घातले तर पिले मोठी होतात आणि कुत्री अडते’ अशी एक समजूत आहे. अतिरेकी चरबीबाबत ती काही अंशी खरी आहे; परंतु शेवटच्या तीन आठवड्यांत उपाशी ठेवलेल्या कुत्रीची पिले हलकी निपजतात, आणि हलके पिलू थंडीत आधी मरते. या समजुतीने झालेली हानी तिच्यातील तथ्यापेक्षा मोठी आहे.

अन्न काय द्यावे? निव्वळ भात किंवा भाकरी यांनी पोट भरते, पण गर्भाचे मांस त्यातून तयार होत नाही. त्याला प्रथिने लागतात. शहरालगतच्या वसाहतींतून दयाळू मंडळी रस्त्यावरील गाभण कुत्रीला बिस्किटे घालतात. त्यांत मैदा व साखर यांपलीकडे फारसे काही नसते, आणि तेवढ्याच पैशात दोन अंडी येतात.

पनवेलच्या शेतकऱ्याला प्रथिनांसाठी दूर जावे लागत नाही. भातगिरणीतील कणी स्वस्त असते, आणि सुकी मासळी पावसाळ्याच्या बेगमीसाठी घरात असतेच. सुका जवळा व सुके बोंबील यांच्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. ताज्या बोंबिलाचा मोठा भाग नुसते पाणीच असते, म्हणून सुका बोंबील अधिक किफायतशीर पडतो. शिवाय जवळा कवचासह व बोंबील काट्यासह वाळतो, त्यामुळे हाडांसाठी लागणारा चुनाही त्यातूनच मिळतो. एक सावधगिरी बाळगावी. बोंबील मांडवावर टांगून व जवळा उन्हात पसरून, बहुधा मिठाशिवायच वाळवितात. परंतु खारा बांगडा, खारी सुरमई यांत मीठ इतके असते की ती जनावराच्या अन्नात घालू नयेत. जवळ्यात रेती असते ती दोन पाण्यांनी धुऊन काढावी आणि मग तो भरडून कणीबरोबर शिजवावा.

पंधरा किलो वजनाच्या गावठी कुत्रीस एरवीच्या दिवसांत १५० ग्रॅम कणी, ५० ग्रॅम डाळ, ४० ग्रॅम सुका जवळा, एक चमचा तेल आणि पेलाभर दूध एवढे दिवसाचे अन्न पुरते. यातून सुमारे हजार उष्मांक मिळतात. गाभणपणाच्या अखेरीस याचेच प्रमाण दीडपट करावे. सर्व घटक सारखे वाढविण्याऐवजी एक-दोन उकडलेली अंडी वाढविली तर अधिक चांगले. पोटात पिले भरली म्हणजे जठराला जागा उरत नाही, म्हणून तेच अन्न तीन-चार वेळांत विभागून द्यावे. ज्या घरात मांसमासळी शिजत नाही तेथे डाळ, दूध, ताक व पनीर यांवर कुत्रीचे भागू शकते. मांजरीचे भागत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

घरातील उरलेले कालवण कुत्रीला घालण्याची रीत सर्वत्र आहे. त्यात कांदा-लसूण असतो, आणि तो कुत्र्यामांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. मांजराला तर अगदी थोड्या कांद्यानेही अपाय होतो. गाभणपणी रक्त कमी होणे म्हणजे गर्भाचा श्वास कमी होणे होय. म्हणून कालवणातील मासळी घालण्यापेक्षा, फोडणीला टाकण्याआधी तिच्या वाट्याचा तुकडा वेगळा उकडून ठेवावा. शिजविलेल्या कोंबडीची हाडे टोकदार फुटून आतडे फाडतात. तीही घालू नयेत.

चुन्याचा प्रश्न

गाभण कुत्रीला चुन्याच्या गोळ्या किंवा पातळ औषध देण्याची टूम अलीकडे खेड्यांतूनही आली आहे. हेतू चांगला, परिणाम उलटा. दुभत्या गाईचा दुग्धज्वर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चटकन समजेल. शरीराला दुधासाठी एकाएकी चुना लागतो तेव्हा तो हाडांतून काढून रक्तात आणण्याचे काम गळ्यातील लहान ग्रंथींच्या आज्ञेने होते. गाभणपणी बाहेरून सतत चुना मिळत राहिला तर या ग्रंथी आळसावतात. आणि विल्यावर, ऐन गरजेच्या वेळी, त्यांचे काम वेळेवर सुरू होत नाही. भाकड काळात गाईला चुना जपून देण्याचे जे शास्त्र आहे, तेच येथे लागू पडते.

कुत्रीतील हा आजार बहुधा विल्यानंतर दोन ते चार आठवड्यांत, दूध भरपूर असताना दिसतो. लहान चणीच्या व पुष्कळ पिले असलेल्या कुत्रीत तो अधिक आढळतो. ती बेचैन होते, धापा टाकते, लाळ गाळते, पाय ताठ टाकीत चालते, पुढे अंगाला कंप सुटतो व ताप चढतो. ही लक्षणे दिसताच पिले तिच्यापासून दूर करावी आणि तिला तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. शिरेतून सावकाश चुना दिला की ती डोळ्यांदेखत सावरते. उशीर झाला तर काही तासांत मरते. पिसाळल्याच्या संशयाने अशा कुत्रीला काठीने मारण्याचा प्रसंग येऊ शकतो, म्हणून कार्यकर्त्यांनी ही लक्षणे नीट ओळखून ठेवावी. संशय असेल तेव्हा मात्र उघड्या हाताने तिच्या तोंडाजवळ जाऊ नये.

मांजरीची गोष्ट निराळी

मांजर हे शुद्ध मांसाहारी जनावर आहे. कुत्र्याने माणसाच्या सहवासात भात पचविण्याची शक्ती कमावली. मांजरीने ती फारशी कमावली नाही. तिच्या शरीराला टॉरिन नावाचे एक द्रव्य बाहेरून मिळावे लागते, आणि ते मांस, मासळी, कोळंबी यांतच असते. धान्यात ते नसते, दुधात नाममात्र असते. टॉरिन न मिळाल्यास मांजरीची दृष्टी जाते हे शास्त्रज्ञांनी १९७५ साली दाखविले, आणि १९८७ साली अमेरिकेतील पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे हृदय दुबळे होऊन पसरते त्याचेही कारण हेच असल्याचे सिद्ध केले. गाभण मांजरीला ते कमी पडले तर गर्भ पोटातच जिरतात किंवा पिले खुजी निपजतात. ‘दूधभातावर वाढलेली मांजर’ हे कौतुकाचे वर्णन असले तरी आहाराच्या दृष्टीने ते उपासमारीचे वर्णन आहे. जी मांजर अशा घरात धडधाकट दिसते ती आपली उणीव उंदीर खाऊन भरून काढीत असते.

उंदीर हे तिचे परिपूर्ण अन्न होय. परंतु एका लहान पिटुकल्यातून सुमारे तीसच उष्मांक मिळतात. तीन किलोच्या मांजरीला दिवसाला दोनशेच्या आसपास उष्मांक लागतात, गाभणपणाच्या अखेरीस तीनशेपर्यंत आणि अंगावर चार पिले पीत असताना चारशे-पाचशे. इतके उंदीर रोज कोठून आणावे? घरातून खायला मिळाले म्हणजे मांजर शिकार सोडते, ही समजूत चुकीची आहे. भरल्या पोटीही ती शिकार करतेच; उपाशी मांजर मात्र कणगी सोडून शेजाऱ्याच्या कोंबड्यांच्या पिलांकडे वळते.

कुत्रीप्रमाणे शेवटच्या तीन आठवड्यांची वाट न पाहता मांजरीचे अन्न गर्भधारणेपासूनच हळूहळू वाढवावे, कारण ती सुरुवातीपासून अंगात साठा करते व पुढे पिलांना पाजताना तो खर्चते. रोज मूठभर उकडलेली मासळी, आठवड्यातून तीन-चार अंडी आणि मिळेल तेव्हा कोंबडीचे काळीज हे तिचे उत्तम अन्न. यकृत आठवड्यातून एकदा, अंगठ्याएवढ्या तुकड्याहून अधिक देऊ नये. त्यातील ‘अ’ जीवनसत्त्व अति झाले तर गर्भात व्यंग निर्माण होते. मासळी उकडलेले पाणी फेकू नये. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून तेच पाणी चार शिते भात कालवून तिला द्यावे.

मासळी उकडूनच का द्यावी? काही जातींच्या कच्च्या मासळीत ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते. अमेरिकेत १९३२ साली पाळीव कोल्ह्यांच्या एका केंद्रावर कच्च्या मासळीमुळे कोल्ह्यांना लुळेपणा येऊन ते मेले, तेव्हा या गोष्टीचा छडा लागला. शिजविल्याने ते द्रव्य नष्ट होते. केवळ तेलकट मासळीवरही मांजर ठेवू नये. बांगडा एक दिवस झाला तर दुसऱ्या दिवशी मांदेली किंवा कोंबडी असावी.

येथे शेतीखात्याच्या दृष्टीने एक महत्त्वाची सूचना करावीशी वाटते. भात पोटरीत असताना उंदरांच्या बिळांत झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमॅडिओलोनचे आमिष घालण्याची मोहीम गावोगाव होते. हाच काळ कुत्री गाभण असण्याचा आहे. विषाने मेलेला किंवा झिंगलेला उंदीर मांजरीने वा कुत्रीने खाल्ला तर तिलाही विषबाधा होऊ शकते, आणि ती गेली म्हणजे तिची पिलेही गेलीच. म्हणून आमिष बिळाच्या आत खोल घालून तोंड बुजवावे, दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेले उंदीर गोळा करून पुरावे, आणि ते दोन-तीन दिवस गाभण किंवा पाजणाऱ्या जनावराला बांधून अथवा कोंडून, पोटभर खाऊ घालून ठेवावे.

विण्याची वेळ आणि पाजण्याचा काळ

विण्यापूर्वी दिवसभर कुत्री सहसा अन्न घेत नाही व तिच्या अंगाची उष्णता ३७ अंश सेल्सिअसच्या (९९ अंश फॅरेनहाइट) आसपास उतरते. तिला आडोशाची, कोरडी, कोरड्या पेंढ्याची जागा करून द्यावी आणि मग तेथून दूर व्हावे. मांजर पिलांना सात घरे फिरविते असे आपण म्हणतो. पाहणाऱ्यांची गर्दी झाली की ती खरोखरच जागा बदलते, आणि फारच त्रास झाला तर पिले टाकते किंवा मारतेही. विल्यावर दोघीही वार खातात. त्यात अमंगळ काही नाही, परंतु सर्व वारी खाल्ल्यास पोट बिघडते; सहज जमले तर दोन-तीन दूर कराव्या.

पहिल्या दिवसाचा चीक प्रत्येक पिलाला मिळालाच पाहिजे. चिकातील रोगप्रतिकारक द्रव्ये पिलाच्या आतड्यातून रक्तात जाण्याचा मार्ग जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत सर्वाधिक खुला असतो, आणि दिवस उलटला की तो बंद होतो. अशक्त पिलाला उचलून आईच्या मागच्या, अधिक दूध असलेल्या सडाला लावावे.

यापुढचे चार आठवडे आईच्या आहाराचे सर्वात अवघड दिवस होत. गाभणपणापेक्षा पाजण्याचा भार कितीतरी मोठा असतो, आणि नेमके हेच लोकांच्या ध्यानी येत नाही. कुत्री विली की ‘मोकळी झाली’ म्हणून तिची थाळी कमी होते! चौथ्या आठवड्याच्या सुमारास पाच-सहा पिले पाजणाऱ्या कुत्रीला नेहमीच्या अडीच ते तीन पट अन्न लागते. वर सांगितलेल्या पंधरा किलोच्या कुत्रीस त्या वेळी ३५० ग्रॅम कणी, १२५ ग्रॅम डाळ, ९० ग्रॅम जवळा, तीन अंडी व दोन मोठे चमचे तेल एवढे दिवसाला द्यावे, तेही चार वेळा मिळून. एवढे न मिळाल्यास ती स्वतःचे मांस झिजवून दूध देते, बरगड्या दिसू लागतात, आणि शेवटी दूध आटते. पाणी तिच्या जागेपासून चार पावलांवर असावे. तहानलेली आई पिले सोडून ओढ्यावर जाते तेवढ्या वेळात पिले गारठतात.

पिलांना दूध पुरते की नाही हे त्यांच्या पोटाकडे पाहून सांगणे कठीण. वजन करावे. किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काटा यास उत्तम. मांजरीचे पिलू जन्मतः सुमारे शंभर ग्रॅम असते व रोज दहा ग्रॅमच्या आसपास वाढते. कुत्रीचे पिलू आठ-दहा दिवसांत जन्मवजनाच्या दुप्पट व्हावे. तृप्त पिले एकमेकांना चिकटून निजतात. सतत कुंईकुंई करीत विखुरलेली पिले भुकेली किंवा गारठलेली असतात.

आई नसलेली पिले

रस्त्यावर कुत्री गाडीखाली सापडते, आणि मागे डोळे न उघडलेली पिले राहतात; हा प्रसंग मुंबई-गोवा महामार्गालगतच्या गावांना नवा नाही. अशा पिलाला हातात घेताच लोक दूध शोधू लागतात. थांबावे. पहिल्या आठवड्यात पिलाला स्वतःची उष्णता राखता येत नाही. अंग ३५ अंश सेल्सिअसच्या (९५ अंश फॅरेनहाइट) खाली गेले की त्याचे आतडे काम करीत नाही. पाजलेले दूध पोटात नासते किंवा श्वासनलिकेत जाते. गार पिलाला पाजणे म्हणजे त्याला मारणे होय. प्रथम त्याला पोटाशी धरून, नंतर खोक्यात गोधडीवर ठेवून, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी आणि तासा-दोन तासांत सावकाश ऊब आणावी. चुलीजवळ किंवा उघड्या दिव्याखाली एकदम तापवू नये. पहिल्या आठवड्यात खोक्यातील हवा ३० अंशांच्या आसपास असावी, आणि पिलाला नको वाटल्यास सरकता येईल अशी थंड बाजूही असावी.

त्यानंतर दुसरी पाजणारी आई मिळते का ते पाहावे. कुत्री परके पिलू पुष्कळदा पत्करते, आणि मांजरी तर एकमेकींची पिले पाजतात. आईविना पिलासाठी याहून चांगला उपाय नाही.

तोही नसेल तर वरचे दूध. कुत्रीच्या व मांजरीच्या दुधात प्रथिने आणि कुत्रीच्या दुधात स्निग्धांशही गाईच्या दुधाच्या दुपटीच्या घरात असतात. दुधातील साखर मात्र कमी असते. म्हणून गाईचे दूध त्यांना एकाच वेळी पातळही पडते आणि बाधतेही. ‘बाधू नये’ म्हणून त्यात आपण पाणी घालतो, तेव्हा पिलाचे पोट भरते व पिलू उपाशी मरते. पिलांसाठी तयार दुधाची भुकटी औषधांच्या व पशुखाद्याच्या दुकानांत मिळते, तीच आणावी. ती येईपर्यंत एक-दोन दिवसांपुरते, पाव लिटर बिनपाण्याच्या दुधात दोन अंड्यांचा फक्त पिवळा बलक व एक चमचा तेल घोटून, मंद आचेवर न फाटेल असे गरम करून, अंगाइतके कोमट झाल्यावर द्यावे. पांढरा बलक घालू नये.

प्रत्येक १०० ग्रॅम वजनास एका वेळी चार मिलिलिटर, यापेक्षा जास्त नाही. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पुढे अंतर वाढवीत न्यावे. सुई काढलेली पिचकारी चालते. पिलाला माणसाच्या बाळाप्रमाणे उताणे धरून कधीही पाजू नये. पालथे, आईच्या कुशीत पितात तसे धरावे, आणि पिचकारीचा दट्ट्या त्याच्या चोखण्याच्या गतीनेच दाबावा. पाजल्यानंतर कोमट पाण्यात भिजविलेल्या कापसाने पोट व शेपटीखालील जागा हळुवार पुसावी. आई चाटते तेव्हाच पिलाला लघवी व शौच होते. तीन आठवड्यांपर्यंत हे काम त्याला स्वतःहून येत नाही, आणि ते न झाल्याने पोट फुगून मेलेली पिले ‘दूध बाधले’ या सदरात मोजली जातात.

वरचे अन्न आणि जंत

तीन ते चार आठवड्यांची झाली म्हणजे पिले आईच्या थाळीत तोंड घालू लागतात. तेव्हा कुत्रीच्या पिलांना गुरगुट्या भातात डाळ, कुस्करलेले अंडे किंवा मासळी मिसळून, आणि मांजरीच्या पिलांना काटे काढून मऊ कुस्करलेली मासळी, दिवसातून चार वेळा थोडी थोडी द्यावी. सात-आठ आठवड्यांपर्यंत दूध पूर्ण सुटते. त्याआधी पिले कोणास देऊन टाकू नयेत.

कोकणच्या ओलसर मातीत जंतांचा उपद्रव मोठा असतो. कुत्रीच्या पिलात गोलकृमी गर्भातच आईकडून येतात आणि अंकुशकृमी दुधातून; त्यामुळे दोन आठवड्यांचे पिलूही हिरड्या पांढऱ्या पडून, काळी पातळ शी होऊन मरू शकते. आहार कितीही चांगला असला तरी तो मग जंतांनाच जातो. म्हणून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या व आठव्या आठवड्यात पिलांना आणि त्याच वेळी आईला जंताचे औषध द्यावे. मांजरीच्या पिलांना तिसऱ्या आठवड्यापासून द्यावे. गोलकृमीची अंडी मातीतून मुलांच्या पोटात जातात व क्वचित डोळ्यालाही इजा करतात. पिलांना हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुतलेच पाहिजेत.

तीन महिने पूर्ण होताच पिसाळरोगाची लस टोचून घ्यावी. पिले असलेली कुत्री चावली, मग ती ओळखीची का असेना, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. जी कुत्री रोज एका ठिकाणी, एकाच माणसाच्या हातचे खाते तीच लसीसाठी सहज धरता येते. २००१ च्या नियमांच्या जागी आलेल्या २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत वस्तीतील प्राण्यांच्या खाण्याची जागा व वेळ ठरविण्याची जबाबदारी रहिवासी संघावर किंवा स्थानिक संस्थेवर टाकली आहे. मुले खेळतात ती जागा व येण्याजाण्याची वाट सोडून ही सोय करावयाची असते. ग्रामपंचायतीने याचा उपयोग लसीकरणाच्या दिवशी करून घ्यावा.

पिले तुटू लागली की आईचे अन्न आठवडाभरात उतरवीत पूर्वीच्या मापावर आणावे, म्हणजे दूध आटते व सड सुजत नाहीत. दूध आटल्यावर साधारण दोन आठवड्यांनी कुत्रीची संततिनियमनाची शस्त्रक्रिया करता येते. मांजरीच्या बाबतीत दिरंगाई करू नये, कारण पिले दूध पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. पिलांची अंगे धरू लागली की पशुवैद्यकाकडून दिवस ठरवून घ्यावा, आणि तोपर्यंत तिला रात्री घरात कोंडावे. पिले दुसऱ्या घरी जाताना जंताचे औषध कोणत्या तारखेस दिले व पुढचे केव्हा द्यावयाचे, हे चिठ्ठीवर लिहून त्या घरच्यांच्या हाती द्यावे.